हेडलाइटच्या आत पाणी धरतंय? सिलिकॉनच्या आधी हे करा

पावसाळ्यात कन्नडचा घाट चढताना किंवा डिसेंबरच्या पहाटे परभणीकडे निघताना एका बाजूच्या हेडलाइटची काच आतून पांढरी झालेली दिसते. बाहेरून कितीही पुसा, जात नाही. गॅरेजवर नेलं की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: काचेच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. सिलिकॉन निष्काळजीपणे मारताना हवा जायची भोकंही बुजली असतील, तर आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाटसुद्धा बंद होते.

ज्या दिव्याला कधी धक्का लागलेला नाही, त्यात पाणी पुढच्या सांध्यातून, म्हणजे काच आणि दिव्याची पाठ जिथे जुळतात तिथून, सहसा जात नाही. ते मागून जातं: नीट न बसलेल्या झाकणातून, बल्बच्या वाळलेल्या रबरातून, चिखलाने बुजलेल्या हवेच्या नळीमुळे. म्हणून तपास मागून पुढे करायचा आणि सिलिकॉनची ट्यूब सगळ्यात शेवटी हातात घ्यायची.

वाफ आहे की पाणी?

काचेच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा खालच्या कडेला किंवा इंडिकेटरकडच्या टोकाला, पातळ वाफ धरली आहे, थेंब ओघळत नाहीत, आणि डिपर (लो बीम) लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर ती विरते, असं असेल तर तो बिघाड नाही. हेडलाइट हवाबंद नसतोच. बाहेरची दमट हवा आत असते, रात्री काच गार पडली की त्या हवेतलं पाणी काचेवर धरतं.

पण हवेतून येणारं पाणी किती असू शकतं, त्याचा हिशोब बघा. एक घनमीटर हवा ३० अंशांना जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते आणि १० अंशांना साधारण साडेनऊ. मोठ्या हेडलाइटमध्ये दहा लिटर हवा धरली, तर एवढी गार झाल्यावर त्यातून फार तर ०.२ ग्रॅम पाणी निघेल, म्हणजे चार-पाच थेंब. तेवढ्याने काच पांढुरकी होते, पण तळाला पाणी साचत नाही. म्हणून दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी डुचमळत असेल, काचेवर मोठे थेंब आणि ओघळ असतील, किंवा ओघळ सुकल्यावर मातीच्या रेषा राहत असतील, तर ते पाणी पाण्याच्याच रूपात आत शिरलं आहे आणि त्याला वाट आहे. ती वाट शोधायची.

दोन्ही दिवे शेजारी उभं राहून ताडून बघा. दोन्हींत सारखीच पातळ वाफ असेल तर हवामानाचा परिणाम. एक कोरडा आणि दुसरा ओला असेल तर ओल्यात दोष आहे.

एलईडी हेडलाइटच्या बाबतीत थोडा धीर धरावा लागतो. हॅलोजन बल्बची बरीचशी उष्णता पुढे जाते आणि काच तापते. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते, काच गारच राहते. त्यामुळे तीच वाफ जायला जास्त वेळ घेते. तासभर लागला म्हणून लगेच दिवा खोलू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. पाणी दिसतंय तेव्हाच, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. दिवा खोललेला किंवा वर सिलिकॉन फासलेलं दिसलं की दावा नाकारायला कारण मिळतं.

दिवा श्वास घेतो

हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. दहा लिटर हवा २५ अंशांवरून ६५ अंशांवर तापली की सव्वा लिटरपेक्षा जास्त फुगते. ती बाहेर पडायला वाट हवी. दिवा बंद केला की तेवढीच हवा परत आत यायला हवी. त्यासाठी मागच्या बाजूला दोन किंवा जास्त श्वासनळ्या दिलेल्या असतात. जुन्या पद्धतीत ती इंग्रजी एल आकाराची रबरी नळी असते, तोंड खाली, आत स्पंजचा तुकडा. काही दिव्यांत छोटी प्लास्टिकची टोपी असते. अलीकडच्या अनेक दिव्यांत भोकावर नाण्याएवढी पांढरी किंवा करडी चकती चिकटवलेली असते; तिच्यातून हवा जाते, पाणी जात नाही.

आपल्याकडची काळी माती दळलेल्या पिठासारखी बारीक. उन्हाळाभर ती त्या स्पंजात भरते, जूनच्या पहिल्या पावसात भिजते आणि बूच बसावं तशी घट्ट होते. मग दिवा गार पडताना हवा नळीतून येऊ शकत नाही. आतला दाब कमी होतो आणि जिथे कुठे फट असेल तिथून, तिथे पाणी असेल तर पाणीच, आत ओढलं जातं. लांबून दिवे लावून आलेली गाडी लगेच वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून प्रेशर मारलं, किंवा रात्री दिवे लावून पाणी वाहणाऱ्या फरशी पुलावरून बंपरपर्यंत बुडवून काढली, की हेच होतं: तापलेला दिवा एकदम गार. धुण्याआधी दिवे बंद करून वीसेक मिनिटं जाऊ द्या आणि प्रेशरचा फवारा काचेच्या कडेवर किंवा बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीवर मारू देऊ नका. एवढ्याने अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

आधी न खोलता बघा

बॉनेट उघडा, टॉर्च घ्या, दिव्याच्या पाठीमागे हात घाला. या क्रमाने बघत जा.

मोठं झाकण. बल्बच्या मागे फिरवून बसणारं प्लास्टिकचं झाकण असतं किंवा बल्बवर ओढून बसवायचा रबरी बूट. बल्ब बदलताना ते घाईत तिरकं बसवलं जातं किंवा रस्त्याकडेला विसरलंही जातं. झाकण फिरवल्यावर 'कट' आवाज येऊन थांबायला हवं. रबरी बूट असेल तर त्याच्यावर 'टॉप' असं उठावात लिहिलेलं असतं, ती बाजू वर. बल्बच्या तिन्ही पट्ट्या बुटातून पुरत्या बाहेर आलेल्या आणि बाहेरची कडा गोल सगळीकडून खाचेत बसलेली हवी. कडेवर बोट फिरवा. एका ठिकाणी जरी दुमडली असेल तरी पाण्याची वाट शोधत बसायची गरज नाही, सापडली.

एलईडी बल्ब बाहेरून बसवलाय का. मराठवाड्यात जुन्या हॅलोजन गाड्यांत पाणी शिरण्याचं हे सध्या फार ठळक कारण आहे. त्या बल्बला मागे पंखा असतो, मूळ झाकण त्यावर बसत नाही, मग दुकानदार झाकण कापतो किंवा काढूनच टाकतो. अशा दिव्यात पाण्याच्या आधी धूळ जाते. दोन उन्हाळ्यांत रिफ्लेक्टर मातकट होतो. तिथे कितीही सिलिकॉन लावा, उपयोग शून्य.

छोटे होल्डर. पार्किंगचा ५ वॉटचा छोटा बल्ब आणि इंडिकेटरचा बल्ब फिरवून बसणाऱ्या होल्डरमध्ये असतात. होल्डरच्या गळ्यात रबराची रिंग असते. ती इंजिनच्या उष्णतेने वाळते, चपटी होते, किंवा बल्ब बदलताना पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

श्वासनळ्या. नळी जागेवर आहे का, तोंड खालीच आहे का, आत माती किंवा कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर आहे का. हो, तेही होतं, विशेषतः गाडी महिनाभर शेडमध्ये उभी असेल तर.

उंदीर. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावणाऱ्यांनी रबराच्या कडा आणि वायरी नीट बघाव्यात. कुरतडलेल्या कडेवर दातांच्या बारीक समांतर रेघा दिसतात.

लेव्हलिंगची मोटर. डॅशबोर्डवरच्या चाकाने दिवा वरखाली होत असेल तर ती मोटर दिव्याच्या पाठीत घट्ट बसते, तिलाही रबर रिंग असते.

हे सगळं ठीक असेल तरच पुढचा सांधा आणि दिव्याची प्लास्टिकची पाठ यांच्यावर संशय घ्या. गाडीला पूर्वी समोरून ठोकर बसली असेल, बंपर बदललेला असेल, किंवा दिवा कंपनीचा नसून बाहेरचा स्वस्त असेल, तर हा संशय बराच बळावतो. बाहेरच्या स्वस्त दिव्यांत सांध्यातलं सील अनेकदा सगळीकडे सारखं भरलेलं नसतं.

काय काय जमवायचं

दहाचा पाना किंवा गोटी (सॉकेट), स्क्रूड्रायव्हर, बंपरच्या क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी, मास्किंग टेप. हेअर ड्रायर. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'आयपीए' म्हणून मिळतं; सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि थर राहतो. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. सलाइनची किंवा मत्स्यटाकीची अर्धा मीटर मऊ नळी. सांध्याचं काम निघालंच तर ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि न्यूट्रल सिलिकॉन. ट्यूबवर 'न्यूट्रल' छापलेलं असतं ते बघूनच घ्या. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन घट्ट होताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. बंद दिव्यात ते रिफ्लेक्टरच्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला खातं.

फेविक्विक लांब ठेवा. त्याची वाफ आतल्या काचेवर पांढरी साय धरते, ती पुसता येत नाही.

दिवा काढणं

१. गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर, भिंतीकडे तोंड करून उभी करा. लेव्हलिंगचं चाक शून्यावर. डिपर लावा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे पडते तिथे टेप चिकटवा. चाकांच्या जागाही खडूने आखून ठेवा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि नंतर समोरच्याच्या डोळ्यांत दिवा मारत फिरतात.

२. दिवे बंद करून पंधरा मिनिटं गार होऊ द्या. इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

३. काही गाड्यांत दिवा वरच्या दोन-तीन बोल्टांवर सुटतो, पण अनेक गाड्यांत एक बोल्ट बंपरच्या आड असतो आणि बंपरची निदान एक बाजू मोकळी करावीच लागते. बोल्ट काढूनही दिवा हलत नसेल तर ओढू नका. कुठेतरी एक बोल्ट किंवा क्लिप राहिली आहे. दिव्याचे कान, म्हणजे बोल्ट बसतात ते प्लास्टिकचे भाग, तुटतात ते इथेच, आणि कान मुळाशी तुटला की पाठीला चीर जाते.

४. कपलर (वायरींचा जोड) काढताना कुलपाची जीभ दाबून कपलर धरून ओढा, वायर धरून नाही. पिनांवर हिरवट गंज दिसला तर तो बारीक ब्रशने साफ करा.

दिवा झेनॉनचा असेल तर यातलं काहीच घरी करू नका. पेटताना त्याच्या बल्बला वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब मिळतो.

सुकवणं, आणि उन्हाचा धोका

सगळी झाकणं, होल्डर आणि बल्ब काढा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलामुळे तो भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. लागलंच तर आयपीएने पुसा. दिवा असा धरा की सगळ्यात मोठं भोक खाली येईल, आणि साचलेलं पाणी ओतून टाका.

आत मातीचे ओघळ असतील तर हॅलोजनच्या दिव्यात, सगळे बल्ब काढलेले असताना, पाव-पाव लिटर डिस्टिल्ड वॉटर घालून दोन-तीनदा हलकेच खळबळून ओता. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या भागात ते इतकं जड असतं की सुकल्यावर पांढरे डाग आतून कायमचे राहतात. साबण नको, आणि तारेला फडकं गुंडाळून रिफ्लेक्टर पुसायचा मोह तर मुळीच नको. मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो. ज्या दिव्याच्या आत एलईडी आणि सर्किट आहे त्यात पाणी घालू नका.

एप्रिल-मेमध्ये वाटतं, बाहेर ४२ अंश आहेत, ठेवू उन्हात. ठेवा, पण काच उन्हाकडे करून नाही. प्रोजेक्टर असलेल्या दिव्याचं भिंग सूर्याचा झोत आतल्या प्लास्टिकवर आणतं आणि गाडीवर कधी न येणाऱ्या कोनातून आला की तो आतली काळी किंवा चंदेरी चौकट वितळवतो. दिवा सावलीत, वारा खेळेल अशा जागी, काच खाली आणि भोकं वर-बाजूला करून ठेवा. खाली गादीचा तुकडा. उन्हातच ठेवायचा तर काचेवर जाड पांढरा कपडा टाका. कोरड्या उन्हाळ्यात चार-सहा तास पुरतात.

पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा हेअर ड्रायर. कमी उष्णतेवर, वीत-दीड वीत अंतरावरून, एका भोकातून हवा आत जाऊ द्या आणि दुसऱ्यातून बाहेर पडू द्या. दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा. काचेला तळहात टेकवता आला पाहिजे. चटका बसला तर तुम्ही घाई करताय. रंगकामाची हीट गन नवशिक्याने वापरू नये, पॉलीकार्बोनेटची (म्हणजे प्लास्टिकची) काच आणि आतली चौकट वाकडी होते.

शेवटी दिवा रात्रभर पंख्याखाली. सकाळी आत एकही थेंब नको, कोपऱ्यातसुद्धा.

गळती पकडणं

सुकवून बसवला की काम झालं असं वाटतं, पण खरं काम हे आहे.

बल्ब, होल्डर, झाकणं परत नीट बसवा. श्वासनळ्या एक सोडून सगळ्या टेपने तात्पुरत्या बंद करा. उरलेल्या एकीत मऊ नळी घालून भोवती टेप गुंडाळा. चकतीवाला दिवा असेल तर चकती टेपने झाका, आणि पार्किंगच्या होल्डरच्या भोकातून नळी घ्या. मग त्या होल्डरची रिंग मात्र डोळ्यांनी तपासावी लागेल.

वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून ब्रशने सांध्यावर, झाकणांभोवती, होल्डरच्या गळ्याशी आणि बोल्टच्या कानांच्या मुळाशी लावा. एकाने नळीतून तोंडाने हळूच फुंकायचं, दुसऱ्याने बघायचं. जिथून हवा निघते तिथे फेसाचे बारीक बुडबुडे चढत जातात. मार्करने खूण करा आणि पुढे जा. एकापेक्षा जास्त जागा निघतात.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा भरू नका. चांगला सांधाही त्या दाबाने उघडतो आणि चकती फाटते. फुगे फुगवायचा हातपंप चालेल.

साबण पुसून काढा, टेप काढा, आणि फुंकण्याने आत गेलेली ओल जायला झाकणं उघडी ठेवून तासभर दिवा पंख्याखाली ठेवा. टेपचे तुकडे मोजून काढा. श्वासनळीवर विसरलेला एक तुकडा सगळं केलेलं वाया घालवतो.

दुरुस्ती

झाकण किंवा रबर चिरलं असेल तर नवीनच घ्या. चिरलेल्या रबरावर लावलेलं काहीही टिकत नाही, आणि पुढच्या वेळी बल्ब बदलताना ते फाटणारच. बाजारात 'सगळ्यांना बसणारी' झाकणं मिळतात. विकत घेण्याआधी जुनं शेजारी ठेवून व्यास मिलिमीटरमध्ये मोजा.

रिंग सुकलेली आहे पण तुटलेली नाही, तर पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको, पेट्रोलियमने बरीच रबरं फुगतात आणि सैल पडतात.

बाहेरचा एलईडी बल्ब असेल तर दोन मार्ग. त्या दिव्याच्या मापाचं खोल झाकण मिळालं आणि पंखा त्याच्या आत मावला, तर ते बसवा. पंख्याभोवती थोडी हवा हवी, नाहीतर बल्ब तापून मंद होतो. मिळालं नाही तर मूळ हॅलोजन आणि मूळ झाकण. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असे बल्ब उजेड हवा तिथे न टाकता इतस्ततः फेकतात, त्यामुळे दुसरा मार्ग पत्करताना फार जिवावर येऊ देऊ नका.

श्वासनळी काढून साध्या पाण्यात धुवा, स्पंज पिळा, पूर्ण वाळवा, तोंड खाली करून बसवा. स्पंजाचा भुगा होत असेल तर बदला. नुसती नळी ठेवली तर माती थेट आत. चकती घासू नका. ती फाटली किंवा तेलकट झाली असेल तर तशीच नवी चकती चिकटवा. तिथे साधी टेप लावणं म्हणजे नाक दाबून धरणं.

सांध्यात गळती सापडली तर पहिला प्रयत्न सिलिकॉनशिवाय. बहुतेक दिव्यांच्या सांध्यात काळं ब्युटाइल असतं, ते गरम झालं की मऊ होऊन परत चिकटतं. खूण केलेल्या जागी दोन्हीकडे तीन-चार इंच हेअर ड्रायरने पाच-सात मिनिटं तापवा, आणि काच व पाठ एकमेकींवर दाबून छोट्या क्लॅम्पने धरा. मध्ये कापडाची घडी. कडेला स्क्रू असतील तर ते आवळा. पूर्ण गार होईपर्यंत क्लॅम्प हलवू नका. मग पुन्हा साबणाची परीक्षा. बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं.

तेवढ्याने झालं नाही तर त्याच जागी बाहेरून सील करायचं. जागा आयपीएने पुसा, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी खरवडा, पुन्हा पुसा. दिव्याची पाठ बहुधा पॉलीप्रॉपिलीनची असते. तिच्यावर 'पीपी' ही अक्षरं कोरलेली सापडतील. या प्लास्टिकला सिलिकॉन आणि इपॉक्सी दोन्ही धड धरत नाहीत, म्हणूनच गॅरेजमध्ये मारलेली सिलिकॉनची पट्टी पुढच्या उन्हाळ्यात सालपटासारखी निघते. पीपीला ब्युटाइल चांगलं धरतं. तेव्हा आधी ब्युटाइलची पातळ पट्टी सांध्यात बोटाने दाबून भरा आणि वरून, काचेच्या बाजूला, न्यूट्रल सिलिकॉनचा हात द्या. चोवीस तास पाणी लावू नका. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी सांधा पुसलात तर पॉलीकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात.

पाठीला चीर असेल तर बाहेरून ब्युटाइल टेप दाबून लावणं हा तात्पुरता पण चालणारा इलाज. कायमचं हवं असेल तर प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या आणि त्याला पीपीची कांडी वापरायला सांगा.

अख्खा दिवा ओव्हनमध्ये तापवून काच वेगळी करायची आणि नवं ब्युटाइल भरायचं, हे व्हिडिओंत सोपं दिसतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने ते करू नये. काही दिव्यांत ब्युटाइलच्या जागी असं सील असतं जे गरम करून सुटतच नाही, आणि ते न कळता जोर लावला की काच तडकते.

आणि ते तळाला भोक पाडणं: ड्रिलने एक भोक पाडलं की पाणी आपोआप निघून जातं, हा सल्ला सर्रास मिळतो. पाणी निघतं, खरंय. त्याच भोकातून जानेवारी ते मे फुफाटा आत जातो. सिलिका जेलची पुडी टाकण्याचंही तसंच. दिवा रोज श्वास घेतो, त्यामुळे पुडी काही दिवसांत ओल पिऊन भरते आणि नंतर नुसती पडून राहते. बल्बजवळ सरकली तर कागद करपतो.

परत बसवणं आणि उजेड लावणं

कपलर 'कट' होईपर्यंत बसवा, बोल्ट आधी सगळे हाताने लावा आणि मग आवळा. बॉनेट आणि दिवा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी दिसायला हवी.

गाडी खडूच्या खुणांवर, टायरमध्ये योग्य हवा, लेव्हलिंग शून्यावर. डिपरची कड पूर्वीच्या टेपवर आणा. टेप लावायचा राहिला असेल तर हा हिशोब: दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखा, आणि पाच मीटरवर उजेडाची सपाट कड त्या रेषेखाली साधारण पाच सेंटिमीटर ठेवा. कड डाव्या बाजूला वर चढलेली दिसेल; ती तशीच असते, आपण डावीकडून चालतो म्हणून.

दोन दिवसांनी साध्या पाइपने, प्रेशरशिवाय, दिव्यावर पाच मिनिटं पाणी सोडा. डिपर लावा, वीस मिनिटांनी बंद करा, तासाभराने टॉर्च मारून तळाचा कोपरा बघा.

दुचाकी आणि ट्रॅक्टर

१ एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप चालू राहतो. त्यामुळे हॅलोजनच्या मोटारसायकलचा दिवा कायम तापलेला असतो, वाफ लवकर जाते. पण चालवून आल्या आल्या धुतली तर पाणीही तितक्याच जोरात ओढतो. मास्क (दिव्याभोवतीचं कव्हर) काढला की मागे रबरी बूट दिसतो, नव्वद टक्के लक्ष तिथेच द्या. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल त्याला घासत नाहीत ना, हेही बघा.

जुन्या ट्रॅक्टरच्या गोल दिव्याला खरी काच, मागे पत्र्याची वाटी आणि मध्ये रबराची गोल पट्टी असते. पट्टी बदलली, वाटीच्या तळाचं मूळ भोक तारेने मोकळं केलं की झालं. वाटी गंजून पोखरली असेल तर दिवाच बदला.

दिवा टाकून कधी द्यायचा

रिफ्लेक्टर काळवंडला किंवा पापुद्रे सुटले, तर दिवा कोरडा करूनही उजेड परत येत नाही. आतलं एलईडी सर्किट भिजून लुकलुकत असेल तर तेही घरचं काम नाही. भंगार बाजारातून जुना दिवा घेणार असाल तर तो कानाशी धरून हलवा, पाण्याचा किंवा तुटक्या तुकड्याचा आवाज येतो का बघा. सांध्यावर आधीच सिलिकॉन असेल तर तो कुणीतरी तुमच्यासारख्याच अडचणीत सोडून दिलेला दिवा आहे. जो दिवा घ्याल तो झाकणांसकट घ्या. आणि स्वतःचा जुना दिवा देण्याआधी त्याची झाकणं, होल्डर, रिंगा आणि श्वासनळ्या काढून डब्यात ठेवा, कारण यातल्या बऱ्याच वस्तू दुकानात सुट्या मिळत नाहीत.